वशिंडाचं माप

वर्धा जिल्ह्यात सिंद्या दोन. सिंदी मेघे वर्धा शहराला लागून, आणि आमची ती सिंदी रेल्वे. नागपूरहून पॅसेंजरनं निघालं की अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी आणि मग सिंदी. लग्नाच्या पत्रिकेवर 'रेल्वे' छापायचं राहिलं तर निम्मे पाहुणे मेघेत जाऊन बसतात, हे मी आमच्याच घरच्या लग्नात पाहिलं आहे. कापसाच्या गाठी मुंबईला न्यायच्या म्हणून इंग्रजांनी इकडे रूळ टाकले, १८६७ साली गाडी नागपूरला पोचली, आणि वाटेवरच्या या गावाला रेल्वे अशी चिकटली की नावातून सुटली नाही.

पण आमच्या भागात सिंदीचं नाव घेतात ते तान्ह्या पोळ्यासाठी. पुण्याकडच्या मैत्रिणींना हे दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. श्रावणातल्या अमावस्येला खऱ्या बैलांचा पोळा, तो मोठा. दुसऱ्या दिवशी पाडव्याला लेकरांचा, लाकडी बैलांचा, तो तान्हा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजी राजांनी (कारकीर्द १७८८ ते १८१६) लेकरांसाठी ही रीत घातली असं सांगतात. सिंदीत ती शंभरी ओलांडून गेली आहे, आणि इथले नंदी लेकरांच्या हाती मावतील असे राहिलेले नाहीत. त्याबद्दल पुढे.

मी सिंदीपासून आठ किलोमीटरवरच्या गावात वाढले आणि तरी हा पोळा शेवटचा पाहिला तेव्हा चौथीत होते. मग शिक्षण नागपूर, नोकरी नागपूर. त्यात तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी नागपुरात मारबतींची, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो, त्यामुळे त्या दिवशी दारातून बाहेर पडायचं म्हणजे मिरवणुकीतच पडायचं. सिंदी राहून जायची.

यंदा निमित्त झालं माळ्यावरच्या बैलाचं. जुलैत काकांचा फोन आला. घराचे कवेलू काढून टीन टाकायचं ठरलं होतं, त्यासाठी माळा रिकामा करत होते. "बाई, तुह्या बापाचा नंदी सापडला," काका म्हणाले. "एक कान उधळीनं खाल्ला, चाकं दोनच आहेत. फेकू का ठेवू?"

बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. हा बैल आजोबांनी तुटक्या बंडीच्या लाकडातून त्यांच्यासाठी करून घेतला होता. दीड फूट उंचीचा, सागाचा. मी लहानपणी तोच ओढला. रंग कधी पांढरा होता असं ऐकलेलं, मी पाहिला तेव्हा तो ताकासारखा झाला होता. लेकीला फोटो दाखवला. ती नऊ वर्षांची. तिनं एवढंच विचारलं, "याला चाकं बसवता येतील का?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघी सिंदीला सुताराकडे. काकांच्या छताचं कामही त्याच्याचकडे होतं, म्हणून ओळख. शेडमध्ये पाय ठेवला तर बसायला जागा नाही, सगळीकडे नंदीच नंदी. वितीचे, हाताचे, कमरेएवढे. काहींची शिंगं काढून एका पोत्यात भरलेली, प्रत्येक जोडीला मालकाच्या नावाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली. मागच्या भिंतीला एक पाच फुटी उभा होता, त्याच्या पोटाखाली सुताराचा पोरगा बसून पायांना काचकागद मारत होता.

सुतारभाऊंनी आमचा बैल उलटा केला, बोटांनी पायांच्या खाचा चाचपल्या, नखानं रंग खरवडला आणि म्हणाले, "लाकूड पक्कं आहे जी. आजकाल असा साग सापडत नाही. कान नवा बसवतो, चाकं बाभळीची करतो. पुढच्या डाव्या पायाले चीर आहे, ते लांबीनं भरावी लागन." कामाचा क्रम त्यांनी लेकीलाच समजावून सांगितला, कारण गिऱ्हाईक तीच होती. आधी जुना रंग पूर्ण खरवडायचा. चिरेत फेविकॉल आणि लाकडाचा भुसा कोंबून दोन दिवस दोरीनं आवळून ठेवायचं. मग लांबी म्हणजे पुट्टी, मग काचकागद, मग ऑइल पेंटचे दोन हात. पहिला हात पुरता सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, नाहीतर पावसाळी हवेत रंगाला फोड येतात. डोळे सगळ्यांत शेवटी. "डोळे काढले का मंग तो पाह्यते आपल्याकडे. मंग त्याले उलटा करून काम करनं बरं नाही वाटत."

लेकीला बैल जांभळा हवा होता. तिथंच काकांना फोन लावला. काकांनी एका शब्दात निकाल दिला, "पांढरा." आमचा मुलूख गवळाऊ बैलांचा. आर्वी-कारंजा भागातली ही जात पांढरी, सडसडीत, पळायला चपळ. पूर्वी दमणीला आणि रेंगीला, म्हणजे हलक्या बैलगाड्यांना, जुंपायची ती हीच. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्र आहे. जांभळा गवळाऊ काकांच्या घरात येणं शक्यच नव्हतं. तडजोड म्हणून झूल जांभळी ठरली.

निघताना मी सहज विचारलं, एवढे नंदी, मग शेतीची अवजारं कधी करता? सुतारभाऊ हसले. "माह्या बापानं जन्मभर जू, वखर, डवरे केले. श्रावणात आमच्याकडे नंदी कोणी आणत नव्हतं, सगळे डवऱ्याचे दाते भराले येत. आता तीन वर्षांत मी एकच जू केलं. तेही एका हॉटेलवाल्यानं नेलं, भिताडावर टांगाले." डवरा म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं बैलांचं अवजार. नंदीचा खर्च सांगितला चौदाशे रुपये. मी घासाघीस केली नाही.

गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५. रजा टाकून संध्याकाळच्या आत गावी पोचलो, वाटेत सिंदीत उतरून नंदी घेतला. शिंगं वेगळी कागदात गुंडाळलेली, ती लेकीच्या दप्तरात. घरी काका अंगणात पाणी तापवत बसलेले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. लहानपणी मी हे ओट्यावर बसून पाहिलेलं, हात कधी लावला नव्हता. हे पुरुषांचं काम. यंदा चुलतभाऊ छत्रपती संभाजीनगरला ड्युटीवर, सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, तर चार वर्षांपासून नाहीच. काकांचे गुडघे गेलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ओढणी कमरेला खोचली.

काकांची जोडी म्हणजे चांद्या आणि बाळ्या. चांद्या गावठी, बाळ्या गवळाऊ. मोटरच्या पाण्यानं दोघांना धुतलं. मग परातीत कढत पाणी, वाटीत तूप आणि वायगावची हळद. भौगोलिक मानांकन मिळालेली ही हळद इथून जवळच, समुद्रपूर तालुक्यात पिकते आणि हाताला लागली की दोन दिवस सुटत नाही. कापड पाण्यात बुडवून पिळायचं, बैलाच्या खांद्यावर, जू जिथं बसतं तिथं ठेवायचं, गार झालं की पुन्हा. मग तूप-हळद चोळायची. मी कापड ठेवलं आणि चपापले. वशिंडाच्या पुढचा तो भाग कातड्याचा वाटतच नव्हता. चपलेच्या तळव्यासारखा घट्ट, एका जागी घडी पडलेला. बाळ्या कायम उजव्या अंगाला जुंपला जातो, त्यामुळे त्याचा खांदा एका बाजूनं किंचित दबलेला आहे. तूप तिथं मुरतच नव्हतं, नुसतं घसरत होतं.

"दाबून चोळ," काका म्हणाले. "जून-जुलै दोन महिने डवरला तो. गवत किती माजलं होतं यंदा."

इथं जरा थांबून सांगते, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. पोळा श्रावणाच्या शेवटी का येतो? तोवर तूर-कपाशीची डवरणी बहुतेक उरकलेली असते, पीक बैलाला शिरू देईनासं दाटतं, आणि बैलाला उसंत मिळते. आता डवरणीच कमी झाली. सोयाबीनवर तणनाशक मारलं की काम भागतं. नांगरणी, पेरणी, मळणी ट्रॅक्टरकडे गेली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, जिच्याबद्दल शहरात कुणी बोलत नाही: ज्वारी गेली. आमच्या लहानपणी वावरात ज्वारी असायची, म्हणजे घरात भाकर आणि गोठ्यात कडबा. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. सोयाबीनच्या कुटाराकडे, म्हणजे भुशाकडे, बैल तोंड वळवून पाहतो आणि परत तोंड फिरवतो. कडबा विकत आणून बैल पोसायचा तर बैल मालकाला खातो. त्यात दिवसभर मागे राहणारा सालदार मिळत नाही. काकांनी जोडी ठेवली आहे ती एका कारणानं: आमचं वावर नाल्याकाठचं, काळं, चिकट. पाऊस पडून गेला की आठ-आठ दिवस ट्रॅक्टर आत घालता येत नाही. बैल जातो.

खांदे शेकून झाले. काकांनी बाळ्याच्या कानाजवळ तोंड नेलं आणि घरात पाहुण्याला सांगावं तशा आवाजात म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मग चांद्यालाही तेच. लेक हसली. काका हसले नाहीत, म्हणून ती गप्प झाली.

शुक्रवारी पहाटेपासून घाई. काकूंनी पुरण शिजत घातलेलं, कढीसाठी ताक काढून ठेवलेलं, सांबारवडीचं (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) सारण वेगळं. दारात पळसाच्या डहाळ्या उभ्या केल्या. बैलांना आज तुतारी, म्हणजे टोचणीची काठी, लावायची नाही, जू दाखवायचं नाही. नवी वेसण ओवणं हे काम मला जमणारं नव्हतं, ते शेजारच्या दादांनी येऊन केलं. बाकी सजावट मी आणि लेक: शिंगांना बेगड, अंगावर गेरूचे ठसे, कपाळाला बाशिंग, पायांत करगोट्याचे तोडे, गळ्यात घुंगरमाळ. ठशांसाठी काकूंनी जुनी वाटी दिली, ती गेरूत बुडवायची आणि अंगावर टेकवायची. चांद्या शांत. बाळ्यानं मात्र बाशिंग दोनदा झटकून खाली पाडलं. "नवरदेव नखरे करून राह्यला," काकू.

चार वाजता मारुतीच्या देवळासमोर तोरणाखाली बैल उभे राहायला लागले. मी मोजले. अकरा जोड्या. बाबा सांगायचे की त्यांच्या वेळी नव्वदच्या वर असायच्या आणि रांग वळून विहिरीपर्यंत जायची. माझ्या स्वतःच्या आठवणीतसुद्धा चाळीस तरी. अकरा जोड्यांच्या शेवटी दोन ट्रॅक्टर उभे केलेले, बॉनेटवर झेंडूच्या माळा, आरशांना फुगे. काकांनी ट्रॅक्टरवाल्याला सुनावलं, "पोळी कोनात टाकशीन, टाकीत?" तोही काही कमी नाही. "काका, हा वर्षाचे बाराही महिने कुटार मागत नाही," म्हणाला. मला दोघांचंही पटलं, त्यामुळे मी कुणाच्याच बाजूनं बोलले नाही.

बायका अजूनही तोरणाखाली जात नाहीत, ओट्यावरून पाहतात. माझी लेक कुणाला न विचारता चांद्याचा कासरा धरून सरळ आत जाऊन उभी राहिली. दोन म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर नसलेला खांदा उगाच सावरला आणि दुसरीकडे बघितलं.

मग झडत्या. ज्यांनी विदर्भातला पोळा पाहिला नाही त्यांना झडती सांगून समजणार नाही. एकानं उभं राहून यमक जुळवत काहीबाही म्हणायचं, देवाला, सरकारला, सासऱ्याला, कुणालाही टोचायचं, आणि शेवटी सगळ्यांनी 'हर बोला, हर हर महादेव' अशी आरोळी ठोकायची. तीनच दिवस आधी, १९ ऑगस्टपासून, केंद्रानं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं होतं. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला, पण गावात हमीभाव हा पंचांगातल्या मुहूर्तासारखा असतो, सगळ्यांना माहीत आणि ऐन वेळी टळून गेलेला. तर एका पोरानं झडती उचलली. त्यात पार्वती महादेवाला विचारते की कापूस विकून मला लुगडं कधी घेता, आणि महादेव सांगतो की समुद्रावरून गाठी येऊन राह्यल्या, यंदा जुन्यालाच ठिगळ लाव. आरोळी अशी उठली की बाळ्या मागे सरला. पुढची झडती रात्रीच्या लाइटीवर होती, तिसरी पूर्णपणे चावट. ती मी इथं लिहीत नाही.

मानाच्या जोडीनं तोरण तोडलं आणि पोळा फुटला. बैल दारोदारी निघाले. आमच्या दारात काकूंनी पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, पुरणपोळी तोंडाशी धरली. चांद्यानं एका घासात संपवली. बाळ्यानं आधी हुंगली. ज्यांनी बैल मिरवून आणला त्याला बोजारा द्यायचा असतो. शेजारच्या दादांना पन्नास आणि लेकीला वीस असे काकूंनी तिथल्या तिथे दिले. लेकीची ती आयुष्यातली पहिली कमाई. मग आम्ही जेवलो. पोळीवर तूप किती घ्यायचं यावर आमच्या घरात बंधन नसतं, त्यामुळे रात्रीचं मला फारसं आठवत नाही.

शनिवारी उजाडता उजाडता गल्लीतून पोरं ओरडत निघाली, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!' दारातल्या पळसाच्या डहाळ्या गावाच्या शिवेबाहेर टाकून आली. नागपुरात ज्या मारबतीला भलंमोठं पुतळ्याचं रूप आहे, तिचं गावातलं काम एवढ्यात होतं.

दुपारी ऑटोनं सिंदी. नंदीला शिंगं बसवून, जांभळी झूल घालून मांडीवर घेतला. गावाबाहेरच ऑटो थांबला, पुढे रस्ता माणसांनी भरलेला. आम्ही उतरलो, लेकीनं दोरी हातात घेतली आणि आम्ही गर्दीत शिरलो.

पहिला मोठा नंदी दिसला तो पाठीमागून. मला आधी वाटलं देखावा आहे. जवळ गेल्यावर कळलं, त्याचं वशिंड माझ्या डोक्याच्या वर आहे. आठ-दहा तरणी पोरं त्याला ढकलत होती, एक जण पुढं चाकांखाली दगड येतो का ते बघत होता. अंगावर मखमली झूल, जरीचा काठ, गळ्यात पितळी घंटा, शिंगांच्या टोकांना गोंडे. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. काहींवर लाइटिंग, काहींसोबत देखावे. पण मला खेचून घेतलं ते जुन्या नंदींनी. एकाचा रंग इतक्या वेळा दिलेला की डोळ्यांच्या कडा बुजून गेलेल्या, तरी मानेचा बाक असा की आता हा पाय उचलेल. एक आजोबा त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं, किती जुना? "माह्या आज्यानं केला," म्हणाले. "आमच्या घरी वाटण्या झाल्या तवा वावर वाटलं, घर वाटलं. हा नाही वाटला. एक वर्ष याच्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे." घरी बैल किती, हे मी विचारलं. "कायचे बैल! याच्याच पुढे उभे राहतो पोळ्याले."

हे त्या दिवशी मला आणखी तिघांकडून ऐकायला मिळालं. गोठा रिकामा, नंदी मोठा. आदल्या दिवशी तोरणाखाली अकरा जोड्या मोजल्या होत्या. इथं लाकडाचे मी मोजायला घेतले आणि चाळिशीच्या पुढं सोडून दिले. खरा बैल जसजसा कमी होत गेला तसतसा लाकडाचा वाढत गेला असावा, असा माझा अंदाज आहे. जुने नंदी बघितले तर ते मध्यम उंचीचे आहेत, राक्षसी उंची नव्यांची. डीजेचा मात्र मला राग आला. त्या धडधडीत घंटांचा आवाज कुणालाच ऐकू येत नव्हता, आणि मग एवढ्या जड पितळी घंटा बांधायच्या कशाला?

आमच्या दीड फुटी बैलाचं तिथं काय होणार ते मला मैदानाच्या अलीकडेच कळलं. पावसानं चिखल, त्यात माणसांचे पाय. एका जागी चाक रुतलं, लेकीनं ओढलं, आणि पुढचं डावं चाक आसातून निघून गटाराकडे घरंगळत गेलं. नंदी नाकावर पडला. नव्या बसवलेल्या कानाला पोचा पडला. लेकीचा चेहरा बघून मीच रडकुंडीला आले. चाक एका पोरानं पळत जाऊन आणून दिलं, पण ते अडवणारी खिळी चिखलात गेलेली.

रस्त्याच्या कडेला सायकल दुरुस्तीचं दुकान उघडं होतं. दुकानदारानं नंदीला उलटा केला, आस बघितला, डब्यातून सायकलची जुनी कॉटर पिन काढली, कानशीनं घासून बारीक केली, आसाच्या भोकात ठोकून टोक वाकवलं. मग बाकीच्या तीन खिळ्याही काढून तशाच पिना घातल्या. "लाकडाची खिळी पावसात राहत नाही." पैसे विचारले तर त्यांनी गल्ल्यातून दहाची नोट काढून लेकीच्या हातात ठेवली. "आज बोजारा द्याचा असते बाई, घ्याचा नसते."

मैदानात लहान नंदींची वेगळी रांग होती. आमचा बैल तिथं दोन प्लास्टिकच्या चकचकीत बैलांच्या मधे उभा राहिला, नाकाला चिखल, एक कान पोचलेला. बक्षीस मिळालं नाही. मिळायला नकोच होतं. शेजारचा मुलगा स्वतः शेतकऱ्याच्या वेशात आला होता, त्याच्या बैलापुढं पुठ्ठ्याचा छोटा डवरासुद्धा होता, आणि डवऱ्याचे दाते मोजून बरोबर.

संध्याकाळी गावी परतून लेक घरोघरी फिरली. एकूण बोजारा ३४० रुपये. नोटा तिनं उशाखाली ठेवून झोपली.

रविवारी दुपारी परतायचं होतं. सकाळी सुतारभाऊ छताच्या फाट्यांचं माप घ्यायला आले. त्यांनी नंदीला हात लावून कॉटर पिना बघितल्या आणि मान डोलावली. लेकीनं लगेच प्रकरण मांडलं: पुढच्या वर्षी मोठा हवा. किती मोठा? तिनं आपल्या छातीवर हात ठेवला. सुतारभाऊंनी हिशेब केला. तीन फुटी, सागवानाचा, अठरा हजार. आडजातीच्या लाकडाचा नऊ. तिनं ३४० रुपये आणून त्यांच्यापुढं ठेवले, बयाणा म्हणून.

मी नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका बोलले. बाजेवर बसल्या बसल्या, कुणाकडे न बघता. "दिवाळीनंतर मी जोडी काढतो आहे. गुडघे नाही ऐकत. शंकरपटवाला एक जण बाळ्याले शर्यतीसाठी मागून राह्यला. चांद्याचं पाहू." मला हे माहीत नव्हतं. काकूंनाही नसावं, कारण त्या चूल फुंकायच्या थांबल्या.

"कर तिच्यासाठी," काका सुताराला म्हणाले. "सागाचाच कर, पैसे मी देतो. पण तुमचे नंदी निरे बकऱ्यावानी दिसतात. वशिंडाचं माप घेऊन कर."

सुतारभाऊ टेप घेऊन गोठ्यात गेले. आम्ही मागे. बाळ्या चघळत उभा होता, गेरूचे ठसे अर्धे पुसलेले, हळदीचा पिवळा डाग तसाच. त्यांनी टेप उघडला, एक टोक लेकीच्या हाती दिलं आणि दुसरं त्याच्या खांद्यावर, वशिंडाच्या बरोबर पुढं, टेकवलं.

टेप टेकल्याबरोबर बाळ्यानं चघळणं थांबवलं आणि मान खाली घातली.